आधी पाय, मग पोट

बाळंतिणींच्या वॉर्डात मी बावीस वर्षं मावशी म्हणून काढली. मावशी म्हणजे फरशी पुसणारी, चादरी बदलणारी, आणि डॉक्टर पाठमोरे झाले की ते नक्की काय म्हणाले हे बाळंतिणीला समजावून सांगणारी. एवढ्या वर्षांत सिस्टर किती आल्या नि किती गेल्या. काही गोड बोलून काम टाळणाऱ्या, काही नाकावर माशी बसू न देणाऱ्या. पण मला कुणी विचारलं, की मावशी, एकीचंच सांगायचं तर कुणाचं सांगाल, तर मी बर्फवालीचंच सांगेन.

बर्फवाली हे नाव मीच पाडलं. त्या वरच्या डोंगरातून आल्या होत्या. चार महिने बर्फ पडतो तिथून. नवऱ्याची बदली बंदरावर झाली आणि बाई आमच्या समुद्राकाठच्या दवाखान्यात रुजू झाल्या, त्याही नेमक्या थंडीच्या तोंडावर. आम्ही सगळ्या कानाला रुमाल, अंगात स्वेटर, आणि ह्या अर्ध्या बाह्यांच्या गणवेशात, पायात नुसत्या सपाता, मोजे नाहीत. वॉर्डात शिरल्या त्या थेट खिडक्यांकडे गेल्या आणि एकामागून एक धाडधाड उघडल्या.

"अहो सिस्टर, थंडी आहे," मी म्हटलं.

"ही?" त्यांनी बाहेर हात काढून बघितला, जसं काही पाऊस बघताहेत. "आमच्याकडे अशी हवा सुटली की आम्ही दारं उघडतो नि म्हणतो, संपला एकदाचा हिवाळा."

मला राग आला. माझं माहेर समुद्रापासून लांब, आतल्या माळावरचं. तिकडची थंडी कोरडी. पहाटे नळाखाली हात धरला तर बोटं आपली आहेत की शेजारणीची ते कळत नाही, आणि दुपारी उन्हात पाठ भाजते. ओठ असे फुटतात की हसायची सोय नाही. आमच्याकडे हिवाळ्यात कुणी विनोद सांगायला लागलं की लोक हात जोडतात. तेव्हा मीसुद्धा मनातून ह्या समुद्राकाठच्या थंडीला थंडी मानत नव्हते. पण मानत नाही हे मी म्हणायचं. काल आलेल्या बाईनं कसं म्हणायचं?

माणसाला आपापल्या थंडीचा भारी अभिमान असतो. आपल्या दुखण्याइतकाच.

सिस्टर कामाला मात्र वाघीण. हात भराभर चालायचा, औषधाची वेळ कधी चुकायची नाही, आणि कुणा बाईला लागलं-सवरलं तर स्वतः उठवून बसवायच्या. एका गोष्टीवर त्यांचा दात होता, तो म्हणजे पोरांना गुंडाळण्यावर. तिकडे म्हणे घराच्या मधोमध शेगडी दिवसभर धगधगते, भिंती हातभर जाड, खिडक्यांना दोन-दोन काचा, आणि तरीही आज्या पोरांना चार दुलयांत कोंबतात. घामानं निथळणारी, पुरळानं लाल झालेली पोरं सोडवण्यातच त्यांची नोकरीची नऊ वर्षं गेली होती. तीच सवय घेऊन त्या आल्या होत्या. इथे एखाद्या पोराच्या अंगावर दोनाची तीन वस्त्रं दिसली की झालं. "उकडून काढताय का लेकराला?" म्हणत वरचं फेडून टाकायच्या.

आम्ही गप्प बसलो. मीसुद्धा मूग गिळून बसले, हे आधीच कबूल करते. पुढचं सगळं त्यांच्या एकट्यांच्या माथी मारायला माझी जीभ वळणार नाही.

आमच्या दवाखान्याच्या लाँड्रीत चादरी धुणारा एक माणूस होता. त्याची बायको अंगानं एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. वय एकोणीस. त्या डिसेंबरात तिला पहिला मुलगा झाला. वजन एक किलो नऊशे. पण नाकीडोळी नीटस, दूध ओढत होता, गाल लालबुंद. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "सोडायचं का?" सिस्टर म्हणाल्या, "ठणठणीत आहे. गाल बघा ना." आणि स्वतःच्या हातानं एका पातळ दुपट्यात त्याला गुंडाळून त्यांनी चिमणीच्या हातात दिला. "कोंडून ठेवू नकोस हं. मोकळी हवा लागू दे. ही काय थंडी आहे?"

सहाव्या दिवशी सकाळी साडेसातला लाँड्रीवाला पोराला घेऊन धावत आला. चिमणी मागून भिंत धरत धरत.

"दूध ओढत नाही," तो म्हणाला. "रडतही नाही. कालपासून एकदम शहाण्यासारखा पडून आहे."

सिस्टरनी काखेत थर्मामीटर लावला. पारा जागचा हलला नाही. त्यांनी झटकून पुन्हा लावला. मला म्हणाल्या, "मावशी, दुसरा आणा, हा बिघडलाय." मी दुसरा आणला. तोही तसाच. तिसरा आणायला मी वळले, तेव्हा त्यांनी दुपट्यात हात घालून पोराच्या पोटावर ठेवला. मी त्यांचं तोंड बघितलं आणि तिसरा आणायला गेले नाही. आमच्या थर्मामीटरवरचे आकडे पस्तीसपासून सुरू व्हायचे. पोर त्याच्या खाली उतरलं होतं. थर्मामीटर दोन्ही ठीक होते.

डॉक्टर आले, होते नव्हते ते सगळे उपाय झाले. दुपारी बाराच्या आत मूल गेलं.

डॉक्टरांनी कागदावर 'कमी वजनाचे बाळ' असं लिहिलं आणि सिस्टरना बाजूला घेऊन म्हणाले, "असं होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, आणि कुठे बोलूही नका." ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

सिस्टर सरळ चिमणीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी तिथेच होते, तिला पाणी पाजत होते.

"तुझं बाळ गारठून गेलं," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. मी माझ्या गावच्या थंडीनं इथली थंडी मोजली."

मला वाटलं चिमणी किंचाळेल, अंगावर धावून जाईल. ती सिस्टरच्या हातांकडे बघत राहिली.

"तुम्ही ज्या कपड्यात गुंडाळून दिला होता, त्याच कपड्यात होता तो," ती म्हणाली. "मी बदलला नाही. म्हटलं, सिस्टरना जास्त कळतं." मग म्हणाली, "ह्यापुढे माझ्या कुठल्याही पोराला तुम्ही हात लावायचा नाही."

"नाही लावणार," सिस्टर म्हणाल्या.

त्या आठवड्यात त्यांच्या नवऱ्यानं परत बदलीचा अर्ज लिहून आणला होता. नुसती सही करायची बाकी. मला वाटलं, जाईल आता ही. गेली तर बरंच होईल, असंही वाटलं. खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवशी बाई हजर. मी म्हटलं, "सिस्टर, जात होता ना?"

"चूक इथली आहे मावशी. डोंगरात जाऊन कशी निस्तरू?" त्या म्हणाल्या. "मला एक सांगा, लाँड्रीच्या मागच्या खोल्यांकडे रस्ता कुठून जातो?"

तिथून पुढे बाईंच्या पायाला भिंगरी लागली. बाजारातून त्यांनी भिंतीवर टांगायचे चार थर्मामीटर आणले, त्यांना दोरे बांधले, आणि काम सुटलं की आम्ही दोघी घरोघर. मला काही हौस नव्हती. पण त्यांना गल्ल्या ठाऊक नव्हत्या, आणि त्या एकट्या गेल्या असत्या तर लोकांनी दारातूनच परत पाठवलं असतं. झालेली गोष्ट तोवर चार गल्ल्यांत पसरली होती. एका म्हातारीनं तर तोंडावर सांगितलं, "पोरं मारणारी ती हीच का?" सिस्टर म्हणाल्या, "हो, मीच. हे तुमच्या पोराच्या उशाशी टांगू का?" म्हातारीनं टांगू दिला.

आकडे आले आणि सिस्टर एक दिवस वही घेऊन माझ्याशेजारी पायरीवर बसल्या.

"माझ्या आईच्या घरी आत्ता बाहेर बर्फ असेल," त्या म्हणाल्या. "आणि आतल्या खोलीत बावीस. तुमच्या ह्या घरांत पहाटे बाहेर पंधरा, तर आत चौदा. मावशी, माझ्या आईचं घर तुमच्यापेक्षा गरम आहे."

"आमच्याकडे घरात शेगडी कोण पेटवणार? दीड महिन्याची तर थंडी."

"तेच तर. ही घरं उन्हाळ्यासाठी बांधलीयत. छपराखाली वारा खेळायला फट, जमिनीला गार फरशी, खिडक्या मोठ्या. हिवाळा येतो तेव्हाही ती बिचारी उन्हाळ्याचीच वाट बघत उभी असतात."

आणि दुसरं त्यांनी शोधून काढलं ते ओलीचं. समुद्रावरची हवा. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. आया हात लावून बघतात, वाळलं म्हणतात, नि पोराच्या अंगावर घालतात. सिस्टर तेच दुपटं उचलून ओठाला लावायच्या. "लावून बघा," म्हणायच्या. मी लावलं. हाताला कोरडं लागत होतं ते ओठाला ओलं लागलं. एवढी वर्षं हजारो दुपटी घडी करून ठेवली मी, पण कधी ओठाला लावून बघितलं नव्हतं. तो ओलावाच पोराच्या अंगातली ऊब पिऊन टाकायचा, आणि तीही गुपचूप. कारण गार पडलेल्या पोराचे गाल लालच दिसतात. रडायचंही त्याला त्राण नसतं. आणि घरातले म्हणतात, किती शहाणं बाळ.

माझ्या माहेरच्या थंडीचंही त्यांनी विचारून घेतलं. मी सांगितलं, तिकडे कपडा तासाभरात खडखडीत वाळतो आणि सकाळी दहाला पोर उन्हात घेऊन बसलं की काम झालं. त्यांनी तेही लिहून घेतलं. "म्हणजे तुमच्याकडे ऊन आहे, आमच्याकडे शेगडी आहे," त्या म्हणाल्या. "इथल्यांकडे काय आहे?"

उत्तर त्यांना सुचलं, पण ते सुचायला पुढचा पाऊस संपावा लागला.

आमच्या दवाखान्यात बॉयलरच्या भिंतीला लागून एक खोली होती, चादरींची. लाँड्रीतून इस्त्री होऊन आलेल्या चादरी तिथे रचून ठेवायच्या. अख्ख्या इमारतीत तेवढीच कोरडी नि उबदार जागा. थंडीत आम्ही मावशा तिथेच डबा खायला बसायचो, पण ते काही आम्ही कुणाला सांगत नसू. सिस्टरनी तिथे थर्मामीटर टांगला. पंचवीस. त्यांनी मोठ्या साहेबांकडे अर्ज केला, की कमी वजनाची पोरं आणि त्यांच्या आया ह्या खोलीत ठेवू द्या. साहेबांनी लिहिलं, नियमात बसत नाही. त्यांनी दुसरा अर्ज केला. मग तिसरा. सातव्या अर्जावर साहेबांनी नुसतीच वळसेदार सही करून परत पाठवला. धड होही नाही, नि धड नाहीही नाही.

"सही आहे ना?" सिस्टर म्हणाल्या. "बास झालं."

रविवारी सकाळी आम्ही दोघींनी चार खाटा ओढत तिकडे नेल्या. मी म्हटलं, "सिस्टर, माझी नोकरी गेली तर?" त्या म्हणाल्या, "सांगा, बर्फवालीनं जबरदस्ती केली." म्हणजे बाईंना नाव ठाऊक होतं. मी खाली मान घालून खाट ओढली. सोमवारी साहेब फेरीला आले, चादरींच्या ढिगांमध्ये चार बायका आपापली पोरं घेऊन बसलेल्या बघितल्या, आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "हे काय आहे?" सिस्टर म्हणाल्या, "नियमात बसत नव्हतं साहेब, म्हणून खोलीत बसवलं." साहेब हसले नाहीत. पण खाटाही हलवल्या नाहीत.

आणि त्याच हिवाळ्यात चिमणीचे दिवस पुन्हा भरले.

दारातच तिनं मला धरलं. "मावशी, बर्फवाली असेल तर मी इथे बाळंत होणार नाही." मी म्हटलं, "अगं, मग काय रस्त्यात होणार आहेस?" पोरगी हट्टाला पेटलेली. शेवटी मी सिस्टरना जाऊन सांगितलं. त्यांनी हातातलं काम ठेवलं. "तिला सांगा, मी हात लावणार नाही. शब्द दिलाय मी. पण खोली तीच मिळेल, आणि मी तिथेच असेन."

मुलगी झाली. एक किलो आठशे. पहिल्यापेक्षाही शंभर कमी.

पुढचे दिवस मी जे बघितलं ते पुन्हा कधी बघितलं नाही. सिस्टर खाटेपासून दोन पावलांवर उभ्या राहायच्या, हात पाठीमागे बांधून, आणि तोंडानं सांगायच्या. करायची ती चिमणी.

"आधी पाय, मग पोट. तळहातानं नाही, पालथ्या हातानं. पाय ऊन, पोट ऊन, तर छान आहे. पाय गार, पोट ऊन, तर तिला थंडी वाजतेय. दोन्ही गार, तर मला हाक मार. ओरडून मार."

चिमणी त्यांच्याशी बोलायची नाही. माझ्याकडे बघून बोलायची. "मावशी, त्यांना सांगा, पाय ऊन आहेत." मी दोन पावलांवरच्या बाईंना सांगायचे, पाय ऊन आहेत. त्या म्हणायच्या, "मावशी, तिला सांगा, तासाभरानं परत बघ." मी मधल्या मधे पोस्टमन.

लाँड्रीवाला दर तीन तासांनी इस्त्री केलेली दुपटी घेऊन यायचा, अजून वाफ निघत असलेली. दुपटी निवेपर्यंत दारात उभा राहायचा, मग स्वतः ओठाला लावून बघायचा आणि मगच आत द्यायचा. गेल्या हिवाळ्यात अख्ख्या दवाखान्याच्या चादरी ह्याच माणसानं वाळवल्या होत्या, आणि स्वतःच्या पोराचं दुपटं ओलं राहिलं होतं. तो नुसती इस्त्री करत राहिला. त्याचं बघून बाकीच्या तीन पोरांचे बापही दुपटी आणून त्याच्यापुढे टाकायला लागले, आणि त्यानं कुणाला नाही म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी पहाटे समुद्रावरून ओला वारा सुटला. धुकं एवढं की खिडकीतून समोरचं झाड दिसेना. आणि सहा वाजता वीज गेली. बॉयलर थंड, इस्त्री थंड. वॉर्मर म्हणून जो काय एक डबा होता तोही विजेवर. जनरेटर होता, पण तो ऑपरेशनच्या खोलीपुरता. आठ वाजेस्तोवर भिंत गार पडली. थर्मामीटर पंचवीसचा एकोणिसावर आला.

"मावशी, त्यांना सांगा, पाय गार आहेत," चिमणी म्हणाली. मग थांबली. मग पहिल्यांदाच सिस्टरकडे बघून ओरडली, "पोटही गार आहे."

सिस्टर एक पाऊल पुढे आल्या नि तिथेच थांबल्या. मी त्यांच्या मागे होते, मला त्यांचे हात दिसत होते. एका हातानं दुसऱ्याचं मनगट असं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती.

त्यांच्या आईनं डोंगरातून टपालानं पाठवलेला एक थर्मामीटर होता, तिसाच्या खालचंही दाखवणारा. तो मी लावला. चौतीस आणि वर सहा रेघा.

"झबलं काढ," सिस्टर म्हणाल्या. "दुपटं काढ. सगळं काढ. फक्त टोपी राहू दे."

चिमणीनं पोर छातीशी घट्ट धरलं. "एवढ्या थंडीत उघडी करू?"

"तुझंही पोलकं काढ. उघडी करून तुझ्या उघड्या छातीवर घे. वरून दोघींवर मिळून पांघरूण."

"गेल्या वेळीही तुम्ही उघडंच ठेवायला सांगितलं होतं," चिमणी म्हणाली.

खोलीत बाकीच्या तिघी होत्या, डॉक्टर नुकतेच दारात आले होते. डॉक्टर बोलायला गेले, सिस्टरनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"हो. सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी न बघता सांगितलं होतं. ह्या वेळी वर्षभर बघून सांगतेय. इथे शेगडी नाही, ऊन नाही. तुझ्या अंगाएवढी कोरडी नि गरम जागा ह्या गावात आत्ता दुसरी नाही. पण पोर तुझं आहे. तू ठरव."

चिमणीनं माझ्याकडे बघितलं. मला काय कळत होतं? मी आयुष्यभर फरशा पुसल्या. पण मी ते आकडे टांगायला गेले होते, आणि ती म्हातारी काय बोलली नि ह्या काय बोलल्या ते ऐकलं होतं.

"माझी असती तर मी घेतली असती," मी म्हटलं.

तिनं घेतली. मी मागून पोलकं सोडलं, पोर छातीवर उभं ठेवलं, डोकं एका बाजूला वळवलं, दोघींवर तीन चादरी टाकल्या. आणि चिमणी बसली. पाठ भिंतीला न टेकता, कारण भिंत गार. दर दोन तासांनी दूध पिळायचं नि चमच्यानं पाजायचं. बाकी हलायचं नाही. अकराला तिचे खांदे थरथरायला लागले. सिस्टर म्हणाल्या, "बापाला बोलवा."

लाँड्रीवाला आला. त्याला म्हटलं, शर्ट काढ. तो बायकांच्या खोलीत चहूकडे बघायला लागला, कानापर्यंत लाल. मी म्हटलं, "अरे बाबा, तुझ्याकडे बघायला इथे कुणाला वेळ नाही. काढ." मी चादर आडवी धरली आणि त्यानं पोर छातीवर घेतलं. एवढा दांडगा माणूस, पण श्वाससुद्धा जपून घेत होता. तासाभरानं चिमणीनं हात पुढे केले. "द्या." तेवढंच बोलली.

एक वाजता पस्तीस आणि चार रेघा. दोनला छत्तीस. वीज आली तीनला, पण तोवर मुलीनं स्वतःच तोंड फिरवून दूध शोधायला सुरुवात केली होती. आणि मग ती रडली. अशी रडली म्हणता, की कान किटले. त्या खोलीत तिला गप्प कर म्हणणारं कुणी नव्हतं.

सिस्टर बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. मी गेले तर म्हणाल्या, "मावशी, मला जरा वेळ कुणी हाक मारू नका." मी दाराशी उभी राहिले नि कुणाला जाऊ दिलं नाही.

तेराव्या दिवशी वजन दोन किलो भरलं आणि चिमणी घरी निघाली. लाँड्रीवाल्यानं छपराखालच्या फटी बुजवल्या होत्या, जमिनीवर फळ्या टाकल्या होत्या, दोऱ्यानं थर्मामीटर टांगला होता. मुलीच्या पायात लोकरीचे मोजे, डोक्यावर टोपी. चिमणीनं पिशवी भरली आणि सिस्टर नेहमीसारख्या दोन पावलांवर, हात पाठीमागे. त्यांनी ह्या तेरा दिवसांत त्या पोरीला एकदाही हात लावला नव्हता. वजन करायचं तर मी उचलून ठेवायचे. शब्द तो शब्द.

त्या सकाळीही बाईंच्या पायात नुसत्या सपाता. डोंगरातलं माणूस, सुंभ जळाला तरी पीळ कुठे जातो? आणि वारा तर अजून तसाच होता.

चिमणी दारापर्यंत गेली आणि थांबली. सिस्टरच्या पायांकडे बघत राहिली. मग पोर एका हातावर सावरून खाली वाकली, आणि पालथा हात बाईंच्या पावलावर ठेवला. सिस्टर दचकून मागे सरकायला गेल्या.

"हलू नका," चिमणी म्हणाली. मग दुसऱ्या पावलाला हात लावला. पुन्हा पहिल्याला.

"गार पडलेत," ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही. त्यांच्याकडे बघून.

तिनं पिशवीत हात घातला, आतून तिचे स्वतःचे मोजे काढले. पण एका हातानं मोजे कसे चढवणार? ती उभी राहिली, आणि तेरा दिवस पाठीमागे बांधलेल्या त्या हातांकडे बघून म्हणाली, "धरा जरा हिला."